रेडियन्स बसवणे आणि त्यातून पहिला भरवशाचा आकडा मिळवणे

प्रश्न थोडक्यात असा आहे: इमारतीच्या आत दिवसाचा उजेड किती पोहोचतो हे तपासण्यासाठी रेडियन्स हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर उतरवून बसवले, परंतु उघडण्यासारखी कोणतीही खिडकी किंवा चिन्ह सापडत नाही, टर्मिनलमध्ये आज्ञा दिली की ती ओळखली जात नाही, आणि खटपट करून पहिले चित्र तयार केले तर ते संपूर्ण काळे येते. अशा वेळी सुरुवात कुठून करावी आणि पुढे मिळणाऱ्या निकालांवर कितपत विसंबावे?

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की रेडियन्स हा एकच मोठा प्रोग्राम नसून लहान लहान प्रोग्रामांचा संच आहे. ग्रेग वॉर्ड यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत तो विकसित करण्यास सुरुवात केली, आणि त्या काळातील युनिक्स या संगणक प्रणालीची शिस्त त्यात आजही जशीच्या तशी आहे: प्रत्येक प्रोग्राम एकच काम करतो, एकाने दिलेला निकाल दुसरा वाचतो, आणि सगळे वर्णन साध्या मजकुराच्या फायलींत असते. त्यामुळे उघडण्यासाठी चिन्ह न सापडणे हा बिघाड नाही. 2002 मध्ये त्याला मुक्त स्रोत परवाना मिळाला आणि तेव्हापासून त्याच्याभोवती चित्रमय साधनेही पुष्कळ तयार झाली. तरीही माझा आग्रह असा राहील की पहिले काही दिवस टर्मिनलवरच काम करावे, कारण या साधनांच्या पोटात शेवटी हेच प्रोग्राम चालतात आणि निकाल चुकला की चूक शोधण्यासाठी इथेच यावे लागते.

दुसरा आग्रह क्रमाचा आहे. बहुतेक जण आधी देखणे चित्र मिळवण्याच्या मागे लागतात. प्रकाशाच्या अभ्यासात चित्र फार सहज फसवते, कारण खोली नजरेला पटण्यासारखी दिसत असतानाही टेबलावरचा उजेड प्रत्यक्षाच्या निम्मा किंवा दुप्पट निघू शकतो. म्हणून ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा एक आकडा आधी मिळवावा, तो बरोबर आला की मग खोली, आणि खोलीतले आकडे जुळले की मग चित्र. पुढील विवेचन याच क्रमाने केले आहे. प्रोग्रामांची व पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत टंकावीत आणि, जिथे वेगळे सांगितले नसेल तिथे, लहान लिपीतच टंकावीत.

बसवण्याच्या बाबतीत फारसे अवघड काही नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी तयार संच गिटहबवर बर्कली प्रयोगशाळेच्या खात्यावरील रेडियन्सच्या पानावर उपलब्ध असतात, आणि नवशिक्याने तेच घ्यावेत. मूळ कोडपासून बांधणी करण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. मॅकवर सुरक्षेच्या कारणाने संच उघडण्यास नकार मिळाला, तर सिस्टिम सेटिंग्जमधील गोपनीयता व सुरक्षा या विभागात जाऊन त्याला परवानगी द्यावी लागते. विंडोज वापरणाऱ्यांपैकी ज्यांना लिनक्सची थोडी ओळख आहे त्यांनी विंडोजच्या आत चालणारी लिनक्स उपप्रणाली वापरण्याचा विचार जरूर करावा, कारण उपलब्ध असलेले बहुतेक धडे युनिक्सचे टर्मिनल गृहीत धरूनच लिहिलेले आहेत.

खरी अडचण येते ती बसवून झाल्यावर. रेडियन्सला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात आणि दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सर्व प्रोग्रामना वाचता येतील अशा नावानिशी जपलेल्या नोंदींमध्ये, ठेवलेल्या असतात (या नोंदींची नावे मोठ्या लिपीत टंकावीत). पहिली म्हणजे पाथ: आज्ञा दिल्यावर प्रोग्राम कुठे शोधायचा हे संगणकाला त्यावरून कळते, म्हणून त्यात रेडियन्सच्या बिन फोल्डरचा पत्ता हवा. आज्ञा ओळखली जात नाही असा संदेश येतो तो हा पत्ता नसल्यामुळे, किंवा पत्ता नोंदवूनही आधीपासून उघडे असलेले टर्मिनल बंद करून नव्याने उघडलेले नसल्यामुळे. दुसरी म्हणजे रेपाथ: प्रोग्रामना लागणाऱ्या सहायक फायली कुठे आहेत हे तिच्यावरून कळते. रेपाथमध्ये आधी एक टिंब, म्हणजे चालू फोल्डर, आणि मग रेडियन्सच्या लिब फोल्डरचा पत्ता असावा. या दोहोंमध्ये मॅक व लिनक्सवर अपूर्णविराम, तर विंडोजवर अर्धविराम येतो. एकीकडची ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की नेमके हेच चिन्ह चुकते. रेइनिट डॉट कॅल ही फाइल सापडली नाही अशी तक्रार दिसली, तर कसलाही विचार न करता आधी रेपाथ तपासावी. मॅक आणि लिनक्सवर या ओळी आपल्या शेलच्या, म्हणजे टर्मिनलमधील आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रारंभ फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात, अन्यथा त्या नवीन टर्मिनल उघडताच विसरल्या जातात.

बसवणी नीट झाली की नाही हे पाहण्यासाठी आरट्रेस या प्रोग्रामला -व्हर्जन हा पर्याय द्यावा. आवृत्तीचा क्रमांक छापला गेला तर पाथ योग्य आहे. त्याच प्रोग्रामला -डीफॉल्ट्स हा पर्याय दिला की त्याच्या सर्व गृहीत किमतींची यादी समोर येते. ती यादी एकदा शांतपणे वाचावी, विशेषतः -एबी या पर्यायासमोरचा शून्य पाहून ठेवावा, कारण काळ्या चित्राचे उत्तर तिथेच दडलेले आहे.

विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो, कारण त्यांच्यामुळे होणारा मनस्ताप अकारण असतो. रेडियन्सच्या आज्ञांमध्ये निकाल फाइलमध्ये वळवण्यासाठी ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह वापरले जाते. विंडोजबरोबर येणारे पॉवरशेल या चिन्हावरून जाणारा सगळा ऐवज मजकूर समजून त्याचे संकेतन बदलते, आणि द्विमान स्वरूपातील फाइल त्यात नासते. फाइल तयार झालेली दिसते, पण पुढचा प्रोग्राम ती वाचू शकत नाही. म्हणून साधे कमांड प्रॉम्प्ट वापरावे. दुसरे असे की धड्यांमध्ये सूत्रांभोवती एकेरी अवतरण चिन्हे दिलेली असतात. कमांड प्रॉम्प्टवर त्यांच्या जागी दुहेरी चिन्हे द्यावी लागतात. याशिवाय प्रकल्पाच्या फोल्डरचे व फायलींचे नाव रोमन अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता ठेवावे. देवनागरी नावे ठेवण्याचा मोह होतो, पण जुन्या वळणाच्या प्रोग्रामांशी व्यवहार करताना तो टाळलेलाच बरा.

आता पहिला आकडा. यासाठी खोली नको, भिंत नको, फक्त आकाश हवे. जेनस्काय हा प्रोग्राम आकाशाचे वर्णन तयार करतो. त्याला सूर्याचा कोन थेट देण्यासाठी -एएनजी 45 0, आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने प्रमाणित केलेल्या ढगाळ आकाशासाठी -सी, आणि उघड्या आडव्या पृष्ठावर पडणाऱ्या विसरित, म्हणजे सर्व दिशांनी पसरून येणाऱ्या, प्रकाशासाठी मोठ्या लिपीतील -बी 55.866 द्यावे. हा शेवटचा आकडा कुठून आला हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. रेडियन्स आतून लक्समध्ये, म्हणजे पृष्ठावर पडणाऱ्या उजेडाच्या नेहमीच्या एककात, काम करत नाही, तर चौरस मीटरमागे वॅटमध्ये करते आणि एका वॅटमागे 179 ल्युमेन असे स्थिर गुणोत्तर मानते. 10,000 लक्सला 179 ने भागले की 55.866 येतात. म्हणजे आपण मोकळ्या मैदानात 10,000 लक्स देणारे आकाश मागितले आहे.

जेनस्कायचे काम एवढ्यावर संपते असे मात्र समजू नये. तो आकाशाच्या तेजस्वितेचे गणिती वर्णन देतो, आकाशाचा घुमट देत नाही. तो आपण जोडायचा असतो. त्यासाठी त्याच फाइलच्या शेवटी ग्लो प्रकारचे एक मटेरियल लिहावे (अशा ओळींची ठेवण पुढे खोलीच्या वेळी सांगितली आहे), ज्याचा आधार स्कायफंक हे जेनस्कायने दिलेले नाव असेल आणि ज्याच्या चार किमती 1 1 1 0 असतील. मग त्या मटेरियलचा सोर्स प्रकारचा एक पदार्थ लिहावा, ज्याच्या चार किमती 0 0 1 180 असतील: दिशा थेट वर, आणि व्याप्ती 180 अंश, म्हणजे अर्धा गोल. जमिनीकडून येणाऱ्या परावर्तित उजेडासाठी असाच दुसरा अर्धगोल 0 0 -1 180 असा खाली लावतात. अनेकांचे पहिले चित्र काळे येते त्याचे एक कारण हे चार-सहा ओळींचे जोडकाम राहून जाणे हे असते.

ही फाइल ओकॉन्व्हला दिली की तो ऑक्ट्री नावाची फाइल तयार करतो, जिच्यात सगळ्या दृश्याची जलद शोधासाठी विभागणी केलेली असते. आता आरट्रेसला ही ऑक्ट्री द्यावी आणि एकच बिंदू द्यावा: 0 0 0 0 0 1. यातील पहिले तीन आकडे बिंदूचे स्थान सांगतात आणि पुढचे तीन त्या बिंदूवर ठेवलेल्या काल्पनिक लक्समापकाचे तोंड कोणीकडे आहे ते सांगतात. इथे ते वर आहे. पर्याय द्यायचे ते -एच, म्हणजे निकालावरची माहितीची ओळख नको, मोठ्या लिपीतील -आय, आणि -एबी 1.

या मोठ्या -आयवर थोडे थांबायला हवे. लहान लिपीतील -आय हाही वैध पर्याय आहे आणि त्याने चूक दाखवणारा कोणताही संदेश येत नाही, पण अर्थ पूर्ण बदलतो. मोठ्या लिपीतील पर्याय दिलेल्या बिंदूवरच मापक ठेवतो. लहान लिपीतील पर्याय त्या बिंदूपासून किरण सोडतो आणि तो जिथे आदळेल त्या पृष्ठावरचा उजेड सांगतो. परिणामी टेबलाच्या उंचीवरून वर तोंड केलेला मापक टेबलावरचा नव्हे तर छतावरचा उजेड मोजू लागतो, आणि आकडा इतका संभाव्य वाटतो की शंकासुद्धा येत नाही.

निकालात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन किमती मिळतील. लक्स काढण्यासाठी लाल किंमत 0.265 ने, हिरवी 0.670 ने आणि निळी 0.065 ने गुणून बेरीज करावी आणि ती 179 ने गुणावी. हे काम आरकॅल्क हा प्रोग्राम एका ओळीत करतो. उत्तर 10,000 च्या अगदी जवळ आले पाहिजे. किंचित फरक राहतो, कारण घुमटाची नमुना-तपासणी यादृच्छिक किरणांनी होते. तेच गणित -एबी 0 ठेवून पुन्हा करावे; उत्तर शून्य येईल. एबी म्हणजे किती वेळा परावर्तित होऊन आलेल्या विसरित उजेडाची दखल घ्यायची ती संख्या, आणि आकाश ग्लो प्रकारचे असल्यामुळे त्याचा उजेड थेट प्रकाशाच्या हिशोबात न येता विसरित हिशोबातच येतो. शून्य परावर्तने म्हणजे शून्य आकाश. काळ्या चित्राचे हे दुसरे आणि सर्वांत सामान्य कारण आहे. हा लहानसा प्रयोग करण्यास पाव तासही लागत नाही, पण बसवणी, आकाश, एकके आणि पर्याय या चारही गोष्टी त्यात एकाच वेळी तपासल्या जातात, म्हणून नवीन संगणकावर रेडियन्स बसवले की मी आजही आधी हाच करतो.

त्यानंतर खोली घ्यावी, आणि ती मुद्दाम साधी घ्यावी: 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 3 मीटर उंच, एका भिंतीत एक खिडकी. रेडियन्समध्ये एक्स अक्ष पूर्वेकडे, वाय अक्ष उत्तरेकडे आणि झेड अक्ष वर मानतात; आकाशही याच संकेताने तयार होत असल्यामुळे खोली वळवून काढली तर सूर्य भलत्याच खिडकीतून आत येईल. लांबीचे एकक रेडियन्स विचारत नाही, पण सगळीकडे एकच हवे. मी मीटर वापरतो, कारण दिव्यांच्या उत्पादकांकडून मिळणाऱ्या प्रकाशवितरणाच्या फायली आयईएसटूरॅडने रूपांतरित केल्यावर मीटरमध्येच येतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेली प्रतिकृती मिलिमीटरमध्ये तर नाही ना, हे गेटबीबॉक्सने एका क्षणात कळते. तो संपूर्ण दृश्याची किमान व कमाल मापे छापतो.

मटेरियलचे वर्णन फारच थोडक्यात होते, पण त्याची ठेवण सुरुवातीला चमत्कारिक वाटते. पहिल्या ओळीत तीन शब्द असतात: आधार, प्रकार आणि आपण दिलेले नाव. आधार नसेल तर तिथे व्हॉइड लिहितात. पुढच्या दोन ओळींत मजकूर आणि पूर्णांक या प्रकारच्या किमतींची संख्या असते, जी साध्या मटेरियलसाठी शून्य व शून्य असते. चौथ्या ओळीत आधी किती आकडे येणार ती संख्या आणि मग ते आकडे. प्लॅस्टिक प्रकारासाठी, ज्यात रंग दिलेल्या भिंतीपासून लाकडापर्यंत जवळजवळ सगळे अधातू पदार्थ येतात, पाच आकडे लागतात: तीन रंगांची परावर्तकता, चकाकी आणि खडबडीतपणा. पहिल्या खोलीसाठी छत 0.7, भिंती 0.5 आणि फरशी 0.2 अशा करड्या किमती घ्याव्यात आणि चकाकी व खडबडीतपणा शून्य ठेवावा. पांढरी भिंत म्हणून 1 ही किंमत कधीही देऊ नये; तशी भिंत जगात नाही, आणि तिच्यामुळे आतला उजेड अवास्तव फुगतो.

काचेच्या बाबतीत जपून राहावे. ग्लास या प्रकारासाठी जे तीन आकडे लागतात ते उत्पादकाच्या पत्रकात दिलेली पारगम्यता नसते. पत्रकातील आकडा दोन्ही पृष्ठांवरील परावर्तन वजा जाऊन संपूर्ण काचेतून किती प्रकाश पार होतो ते सांगतो, तर रेडियन्सला काचेच्या पदार्थातून एका फेरीत किती पार होतो ते हवे असते. साध्या काचेसाठी पत्रकातील आकड्याला 1.09 ने गुणले की पुरेसे अचूक उत्तर मिळते: 0.88 चे 0.96 होतात. आणि काच एकाच पृष्ठाने दाखवावी. जाडी असलेला ठोकळा काढला तर प्रकाश दोन काचांमधून जातो असा हिशोब होतो आणि आतले आकडे गुपचूप खाली येतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या प्रतिकृतींमध्ये ही चूक इतक्या वेळा आढळते की मी कोणाचेही काम तपासताना सर्वांत आधी काचेची पृष्ठे मोजतो.

खिडकीचे भोक भिंतीत पाडण्यासाठी वेगळी आज्ञा नाही. ते बहुभुजाच्या शिरोबिंदूंच्या क्रमातच लिहावे लागते. भिंतीचे चार कोपरे घेऊन पहिल्या कोपऱ्यावर परत यायचे, तिथून खिडकीच्या एका कोपऱ्यावर उडी घ्यायची, खिडकीभोवती उलट दिशेने फिरून त्याच कोपऱ्यावर परतायचे. असे दहा शिरोबिंदू, म्हणजे तीस आकडे होतात. भिंत आणि खिडकी यांना जोडणारी रेषा दोनदा येते आणि स्वतःलाच झाकून टाकते. भिंतीची जाडी मात्र विसरू नये. 20 किंवा 30 सेंटीमीटरची कड आकाशाचा जो भाग झाकते त्याचा परिणाम खोलीच्या आतल्या बाजूला चांगलाच जाणवतो.

ऑक्ट्री तयार करताना फायलींचा क्रम अर्थपूर्ण असतो: मटेरियल आधी आणि त्यांचा वापर करणारी पृष्ठे नंतर, नाहीतर मटेरियलचे नाव अपरिचित असल्याची तक्रार येते. सेट ओव्हरफ्लो असा संदेश आला तर त्याचा अर्थ एकाच जागेत गरजेपेक्षा जास्त पृष्ठे कोंबली गेली आहेत. बहुधा आयात केलेल्या प्रतिकृतीत तीच भिंत अनेकदा एकावर एक आलेली असते, आणि पर्याय बदलत बसण्यापेक्षा ती नक्कल काढून टाकणे हाच खरा उपाय असतो. भूमिती डोळ्यांनी पाहायची असेल तर ऑब्जव्ह्यू पुरेसा आहे. तो स्वतःचेच दिवे लावून दृश्य दाखवतो, त्यामुळे आकाशाची चूक आणि भूमितीची चूक वेगळी करता येते.

आता टेबलाच्या उंचीवर, समजा 0.75 मीटरवर, बिंदूंची जाळी घ्यावी. सीएनटी आणि आरकॅल्क यांच्या साहाय्याने ती एका ओळीत तयार होते. एकही बिंदू नेमका भिंतीच्या प्रतलात पडू नये म्हणून जाळी कडेपासून अर्धा मीटर आत ठेवावी. आकाश तेच 10,000 लक्सचे ढगाळ ठेवले तर एक सोय होते: आतल्या बिंदूवरील लक्सला 100 ने भागले की डेलाइट फॅक्टर, म्हणजे बाहेरच्या उजेडाच्या तुलनेत आतला उजेड, टक्क्यांत मिळतो, म्हणजे 200 लक्स असतील तर 2 टक्के.

या टप्प्यावर -एबीची किंमत 1, 2, 3 अशी वाढवत प्रत्येक वेळी आकडे नोंदवावेत. खिडकीजवळचे आकडे फारसे हलणार नाहीत, कारण तिथे आकाश सरळ दिसते. आतल्या कोपऱ्यातील आकडे मात्र सुरुवातीला झपाट्याने वाढतील आणि मग वाढ मंदावेल. ज्या किमतीनंतर फरक तुमच्या कामाच्या दृष्टीने नगण्य होतो, ती त्या खोलीसाठी योग्य किंमत. साध्या खोलीत ती 5 किंवा 6 च्या आसपास निघते. खोल बोळांमध्ये किंवा प्रकाश आत वळवणाऱ्या फळ्या असतील तर अधिक लागते. कोणाच्या तरी फाइलमधून उचललेले पर्याय बिनदिक्कत वापरण्यापेक्षा हा अर्ध्या तासाचा अभ्यास कितीतरी मोलाचा आहे. तसेच -एडी, म्हणजे प्रत्येक ठिकाणाहून सोडायच्या किरणांची संख्या, दुप्पट करून पाहावी. त्याने आकडे इकडे तिकडे उड्या मारत असतील तर किरण अपुरे आहेत. खिडकी लहान असेल तर बहुतेक किरण भिंतीवरच आदळतात आणि खिडकी थोड्यांनाच सापडते, म्हणून अशा खोलीला जास्त किरण लागतात.

विसरित उजेडाचे गणित प्रत्येक बिंदूवर नव्याने करणे फार खर्चिक असते, म्हणून रेडियन्स काही ठिकाणी ते करून साठवून ठेवते आणि मधल्या जागी त्यावरून अंदाज बांधते. 1988 मध्ये वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत या सॉफ्टवेअरचा कणा आहे, आणि चित्रांवर दिसणारे डाग हे बहुधा तिच्या गैरवापरातूनच येतात. साठवलेल्या ठिकाणांमधील किमान अंतर साधारणपणे असे ठरते: दृश्याचा सर्वांत मोठा विस्तार गुणिले -एए (अंदाजात चालणारी चूक) ची किंमत भागिले -एआर (साठ्याचा बारकावा) ची किंमत. समजा -एए 0.15 आणि -एआर 128 आहे. दृश्य 20 मीटरचे असेल तर हे अंतर सुमारे 2 सेंटीमीटर येते. पण खोलीबाहेर सहज म्हणून 1,000 मीटरची जमीन अंथरली की तेच अंतर सुमारे 1.17 मीटर होते, आणि खोलीतले सावल्यांचे बारकावे धुऊन निघतात. खोलीत काहीही बदललेले नसते. फक्त जमीन मोठी झालेली असते. म्हणून सभोवतालचा परिसर जरुरीपुरताच काढावा, आणि मोठा परिसर अपरिहार्य असेल तर -एआर त्या प्रमाणात वाढवावा. हा साठा -एएफ या पर्यायाने फाइलमध्ये ठेवून पुन्हा वापरता येतो, परंतु भूमिती, मटेरियल किंवा आकाश यांपैकी काहीही बदलले की ती फाइल पुसून टाकावी. जुन्या खोलीचा उजेड नव्या खोलीत मिसळला तर प्रोग्राम त्याबद्दल काहीही बोलत नाही.

आकडे स्थिर झाले की चित्राकडे वळावे. आरव्हीयू हे दृश्य हळूहळू स्पष्ट करत जाते, म्हणून कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवण्यासाठी ते उत्तम. अंतिम चित्र आरपिक्ट तयार करतो. दृष्टिकोनासाठी -व्हीपी ने डोळ्याचे स्थान आणि -व्हीडी ने दिशा द्यावी. नंतर चित्र हव्या त्या आकाराच्या दुप्पट तयार करून पीफिल्टने निम्मे करावे, म्हणजे कडा गुळगुळीत होतात. चित्राच्या प्रत्येक बिंदूत खरी तेजस्विता साठवलेली असते, म्हणून तेच चित्र फॉल्सकलरला दिले की रंगपट्टीसह तेजस्वितेचा नकाशा मिळतो. पृष्ठांवर पडणाऱ्या लक्सचा नकाशा हवा असेल तर मात्र आरपिक्टला -आय द्यावा लागतो. इथे लहान लिपीतीलच योग्य आहे. पट्टीवरचे एकक फॉल्सकलर स्वतः ओळखत नाही, आपण लिहिलेला शब्द तो छापतो, त्यामुळे तेजस्वितेच्या नकाशावर लक्स लिहिलेले अहवाल पाहायला मिळतात. अहवाल पुढे पाठवण्याआधी हा शब्द आवर्जून तपासावा.

ज्यांना इतके पर्याय एकदम हाताळणे जड वाटते त्यांच्यासाठी रॅड नावाचा प्रोग्राम आहे, आणि तो मिळायला हवी तितकी प्रसिद्धी मिळवू शकलेला नाही. एका छोट्या फाइलमध्ये खोलीची मापे, गुणवत्ता, तपशील, प्रकाशातील चढउतार आणि परावर्तनांची संख्या अशा मोजक्या गोष्टी साध्या शब्दांत लिहिल्या की बाकीचे पर्याय तो स्वतः ठरवतो, ऑक्ट्री बांधतो आणि चित्र काढतो. कोणतीही फाइल बदलली तर कुठले टप्पे पुन्हा करायचे हेही तो पाहतो. त्याने निवडलेले पर्याय वाचणे हाच पर्याय शिकण्याचा चांगला मार्ग आहे.

ढगाळ आकाशाकडून सूर्यासहित स्वच्छ आकाशाकडे जाताना एक सापळा लागतो. जेनस्कायला महिना, दिवस आणि वेळ दिली तर अक्षांश -ए ने, रेखांश -ओ ने आणि प्रमाणवेळेचा रेखांश -एम ने सांगावा लागतो. न सांगितल्यास तो कॅलिफोर्नियातील जागा गृहीत धरतो. शिवाय तो रेखांश पश्चिमेकडे धन मानतो, त्यामुळे पूर्व रेखांशावरील प्रत्येक ठिकाणासाठी -ओ आणि -एम दोन्हींपुढे उणे चिन्ह हवे. प्रमाणवेळेचा रेखांश काढण्यासाठी जागतिक वेळेपासूनचा तासांतील फरक 15 ने गुणावा. चिन्ह चुकले की सूर्य कित्येक तासांनी सरकतो. आकाशाच्या फाइलमध्ये जेनस्कायने सूर्याची उंची व दिशा टिप्पणीच्या रूपात लिहिलेली असते. ती स्थानिक दुपारच्या वेळेशी ताडून पाहावी.

पहिल्या प्रश्नातील शेवटचा भाग विश्वासाचा होता. रेडियन्सचे गणित अनेकदा प्रत्यक्ष मोजमापांशी ताडले गेले आहे. 1990 च्या दशकात इंग्लंडमध्ये आकाशाची तेजस्विता आणि खोलीतील उजेड एकाच वेळी मोजून केलेल्या पडताळणीत आकाशाचे वर्णन अचूक असेल तर निकालही मोजमापांशी चांगले जुळतात असे दिसून आले. म्हणजे शंका बहुतेक वेळा गणितावर नव्हे, तर आपण दिलेल्या माहितीवर घ्यावी: भिंतीची परावर्तकता अंदाजाने घेतली का, काचेवरची धूळ, चौकटीची रुंदी, समोरची झाडे धरली का. 0.5 ऐवजी 0.6 परावर्तकता घेतल्याने आतल्या कोपऱ्यातला आकडा किती बदलतो हे एकदा स्वतः करून पाहावे, म्हणजे दशांश चिन्हापुढचे आकडे अहवालात छापण्याची इच्छा आपोआप कमी होते.

एवढे हातात आल्यावर वर्षभराच्या हिशोबाकडे जाता येते. तिथे प्रत्येक तासासाठी नवे चित्र काढत नाहीत. आकाशाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा प्रत्येक बिंदूवरील वाटा एकदाच काढतात आणि हवामानाच्या फाइलवरून जेनडेएमटीएक्सने तयार केलेल्या आकाशांशी त्याचा गुणाकार करतात. या कामासाठी मात्र हनीबीसारखी चित्रमय साधने खुशाल वापरावीत, कारण हजारो तासांची आवराआवर हाताने करण्यात काही लाभ नाही. फक्त त्या साधनाने मागे तयार केलेला फोल्डर उघडून आकाशाची, काचेची आणि पर्यायांची फाइल वाचून पाहावी, आणि एखाद्या ढगाळ तासाचा आकडा आरट्रेसने स्वतंत्रपणे काढून त्याच्याशी जुळवून घ्यावा.